पाऊस सह्याद्रीचा, वाटणी सोंडांची
सातारा जिल्ह्याच्या भूरचनेचा एक आढावा

पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रांत सातारा जिल्ह्याच्या सरासरी पावसाचा आकडा छापून येतो आणि सरासरी गाठली की नाही, याची चर्चा सुरू होते. नेमका त्या सरासरीइतका पाऊस पडणारी गावे मात्र जिल्ह्यात शोधावी लागतील. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो, तर माण तालुक्यात पाचशेचा टप्पा गाठला तरी ते साल चांगले मानतात. महाबळेश्वर ते दहिवडी हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. सुमारे १०,४८० चौरस किलोमीटरच्या या एका जिल्ह्यात, अकरा तालुक्यांत, राज्यातल्या अतिवृष्टीच्या नोंदी आणि राज्यातला जुनाट दुष्काळ शेजारी शेजारी नांदतात.

याचे शाळेत शिकवलेले उत्तर ‘पर्जन्यछाया’ असे आहे. ते खरे आहे, पण अर्धे. कराडचा पाऊस महाबळेश्वरच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकाच, म्हणजे कराडही पर्जन्यछायेतच. तरीही कराडभोवती उसाचे हिरवे शिवार पसरले आहे आणि तिथून फार लांब नसलेल्या खटावात उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहावी लागते. हा फरक पावसाचा कमी आणि डोंगरांच्या मांडणीचा जास्त आहे. सह्याद्रीचा मुख्य कणा पाऊस अडवतो. पडलेले पाणी कोणाच्या वाट्याला जायचे, हे मात्र त्या कण्यातून पूर्वेकडे निघालेल्या डोंगरसोंडा ठरवतात. साताऱ्याची धरणे, भूकंप, दरडी, फुलांची पठारे आणि उपसा योजना यांचा वेगवेगळा विचार होतो. भूरचनेच्या अंगाने पाहिले तर त्या एकाच गोष्टीच्या बाजू आहेत.

थरांवर थर

सुरुवात खडकापासून करावी लागते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला आणि त्यावर पुन्हा नवा थर चढला. दख्खनच्या या बेसॉल्टचा अभ्यास करणाऱ्या भूशास्त्रज्ञांसाठी महाबळेश्वरचा परिसर हे जगातल्या महत्त्वाच्या ठिकाणांपैकी एक आहे. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरताना हजार मीटरहून अधिक जाडीचे थर एकाखाली एक असे रस्त्याच्या कडेलाच पाहायला मिळतात. म्हणूनच लाव्हाथरांच्या शास्त्रीय वर्गीकरणात ‘वाई’, ‘महाबळेश्वर’, ‘आंबेनळी’, ‘पोलादपूर’ ही नावे कायमची बसली आहेत.

दोन लाव्हाथरांच्या मध्ये अनेक ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ पट्टा दिसतो. एक थर थिजल्यावर आणि दुसरा येण्याआधी जो काळ गेला, त्यात खडकाचा वरचा भाग कुजून ती माती झाली. घाटातल्या कापलेल्या कड्यावर हा तांबडा पट्टा सहज ओळखू येतो आणि पावसाळ्यात बहुधा त्याच्याच वरून पाणी पाझरताना दिसते. वरच्या खडकाच्या भेगांतून झिरपलेले पाणी खालच्या घट्ट थरापाशी अडते आणि आडवे सरकत कड्याबाहेर येते. डोंगराच्या कुशीतले झरे ठरावीक उंचीवर एका ओळीत का सापडतात आणि अनेक वाड्या उतारावर साधारण एकाच उंचीवर का वसल्या, याचे उत्तर बऱ्याच अंशी या आडव्या थरांत आहे.

हीच रचना पूर्वेकडे विहीर खोदणाऱ्याला वेगळ्या रूपात भेटते. वर हातभर माती, मग मुरूम, मग पहारीला दाद देणारा सच्छिद्र मांजऱ्या आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा कातळ. पाणी लागले तर मुरमात, मांजऱ्यात किंवा दोन थरांच्या सांध्यात लागते. काळ्या कातळात भेग सापडली तर नशीब, नाही तर शंभर फूट खोल जाऊनही विहीर कोरडीच. बेसॉल्टला वाळूसारखे पाणी पोटात साठवता येत नाही. म्हणून जिल्ह्याच्या पूर्व भागात भूजल कुठे आणि किती, हे शेजारच्या दोन शेतांतही सारखे नसते.

कणा आणि सोंडा

सह्याद्रीचा मुख्य कणा जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवरून उत्तर-दक्षिण जातो. त्याची पश्चिम बाजू उभ्या कड्यांची आहे. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून सावित्रीच्या खोऱ्यात पाहिले की काही किलोमीटरच्या आत हजार मीटरहून अधिक उतार दिसतो. जिल्ह्यातली सर्वांत उंच जागा महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट. तिची उंची १,४३० मीटरहून थोडी जास्त भरते. पूर्वेकडचा उतार मात्र पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो.

या कण्याला फुटलेल्या सोंडांमध्ये दोन सर्वांत महत्त्वाच्या. पहिली बामणोलीची रांग. ती महाबळेश्वरपासून निघून मुख्य कण्याला जवळजवळ समांतर दक्षिणेकडे जाते. हिच्यामुळे कोयना नदी मुख्य सह्याद्री आणि ही रांग यांच्या मधल्या अरुंद घळीत कोंडली जाते. दुसरी शंभू महादेवाची रांग. ती महाबळेश्वरच्या उत्तरेला फुटते आणि पूर्वेला व मग आग्नेयेला जिल्ह्याच्या पार टोकापर्यंत जाते. शिखर शिंगणापूरचे देवस्थान हिच्यावरच आहे. या रांगेच्या उत्तरेला पडणारे पाणी नीरेवाटे भीमेला मिळते. दक्षिणेचे बरेचसे कृष्णेला, आणि अगदी पूर्वेकडचे माणगंगेवाटे पुन्हा भीमेलाच.

खरी गंमत पुढे आहे. शंभू महादेवाच्या रांगेतून दक्षिणेकडे तीन फांद्या उतरतात: चंदन-वंदनची, वर्धनगड-मच्छिंद्रगडची आणि महिमानगड-पन्हाळ्याची. हा पन्हाळा कोल्हापूरचा नव्हे. यांतल्या वर्धनगडाच्या धारेने कृष्णेचे मुख्य खोरे येरळेच्या खोऱ्यापासून तोडले आणि महिमानगडाच्या धारेने येरळेचे खोरे माणगंगेपासून. साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याने गेले की हे नकाशाशिवाय कळते. कोरेगाव मागे पडते, वर्धनगडाचा घाट चढून उतरला की पुसेगाव येते, तिथे येरळेचा प्रदेश सुरू होतो. पुढे महिमानगड ओलांडला की दहिवडी, गोंदवले, म्हसवड, म्हणजे माणदेश. चढ फार मोठे नाहीत. पण प्रत्येक चढापलीकडे पाण्याचे राज्य बदलते.

किल्ल्यांची नावे इथे उगाच आलेली नाहीत. सोंडांची टोके आणि खिंडींवरचे माथे ताब्यात असले की खालच्या वाटा आपोआप ताब्यात येतात. वैराटगड, पांडवगड, चंदन-वंदन, वर्धनगड, महिमानगड, वसंतगड अशी साखळी सोंडांवर, तर प्रतापगड, मकरंदगड, वासोटा आणि जंगली जयगड मुख्य कण्याच्या आसपास. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जे घडले, त्यात जावळीच्या दाट रानाचा आणि अरुंद वाटांचा वाटा इतिहासकारांनी वारंवार मांडला आहे. मोठी फौज मैदानात जिंकते, घळीत अडकते, हा धडा या भूगोलाने शिकवला.

उताराबरोबर घसरणारा पाऊस

अरबी समुद्रावरून येणारे नैर्ऋत्य मोसमी वारे कड्याला धडकून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर पाणी सोडतात. माथा ओलांडून खाली उतरताना तेच वारे तापतात आणि कोरडे होतात. महाबळेश्वरपासून जेमतेम १८-२० किलोमीटरवर पाचगणी. तिथे पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली येतो. पसरणी घाट उतरून वाईत आले की तो सातशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. एवढ्या कमी अंतरात इतकी मोठी घट फार थोड्या ठिकाणी पाहायला मिळते. पावसाच्या बाबतीत महाबळेश्वरचीही मक्तेदारी उरलेली नाही. कोयना खोऱ्यातले नवजा आणि पाटण तालुक्याच्या दक्षिण टोकाचे पाथरपुंज ही गावे काही वर्षी महाबळेश्वरला मागे टाकतात.

पूर्वेच्या पावसाचा स्वभावच निराळा. माण-खटाव आणि फलटणच्या कोरड्या पट्ट्यात जून-जुलै नुसते ढग जातात. खरी आशा सप्टेंबर-ऑक्टोबरच्या परतीच्या पावसावर असते आणि त्यावरच ज्वारीचा रब्बी हंगाम उभा राहतो. म्हणजे पश्चिमेचा शेतकरी ज्या महिन्यात उघडीप मागतो, त्याच महिन्यात पूर्वेचा आभाळाकडे पाहत असतो. एकाच तारखेला जिल्ह्यात एक ओल्या दुष्काळाची आणि दुसरी कोरड्या दुष्काळाची बैठक भरू शकते.

नद्यांची उफराटी वाट

जुन्या महाबळेश्वराच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात. यांतली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून अरबी समुद्र गाठते. कृष्णेचा प्रवास मात्र बंगालच्या उपसागरापर्यंत सुमारे १,४०० किलोमीटरचा. दोघींच्या उगमांत हाकेचे अंतर आणि मुखांमध्ये अख्खे द्वीपकल्प.

जिल्ह्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की कृष्णा पूर्वेला जातच नाही. वाईनंतर ती आग्नेयेकडे आणि मग जवळजवळ सरळ दक्षिणेकडे वळते, कारण पूर्वेला चंदन-वंदन आणि वर्धनगडाच्या धारा आडव्या आहेत. वाटेत कुडाळी, संगम माहुलीला वेण्णा, पुढे उरमोडी आणि उंब्रजला तारळी अशा पश्चिमेकडच्या भरल्या नद्या तिला येऊन मिळतात. डाव्या अंगाने येणाऱ्या वसना, वांगणा यांसारख्या नद्या पावसाळ्यानंतर लवकर आटतात. कोयना बामणोलीच्या घळीतून साठ-पासष्ट किलोमीटर दक्षिणेला जाते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला समोरासमोर भेटते. तोच प्रीतिसंगम, जिथे यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. तिथून पाणी सांगलीच्या हद्दीत जाते. महाबळेश्वरचा पाऊस कराड, इस्लामपूर, सांगलीला पुराच्या रूपाने कळतो आणि वडूज-दहिवडीला कळतच नाही, याचे कारण ही वाट आहे.

मातीही याच वाटेने गेली. कृष्णाकाठच्या सखल पट्ट्यात गाळाची खोल काळी जमीन आहे. तिथे ऊस, हळद आणि आले. पश्चिमेच्या उतारांवर तांबडी, उथळ माती. भात, नाचणी, वरी. पूर्वेला मुरमाड माळ. ज्वारी, बाजरी, मटकी आणि अलीकडे डाळिंब. उथळ जमिनीने माणसालाही बाहेर ढकलले. पाटण-जावळीतून मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामात गेलेली कुटुंबे, उन्हाळ्याआधी मेंढरे घेऊन बाहेर पडणारे माणचे धनगर, घरटी सैनिक देणारे मिलिटरी अपशिंगे: यांच्या मागे इतरही कारणे आहेत, पण जमिनीची जाडी हे त्यांतले पहिले.

सड्यांचे जग

सोंडांचे माथे अनेक ठिकाणी सपाट आहेत. या खडकाळ सपाटीला सडा म्हणतात. पाचगणीचे टेबललँड, कास, चाळकेवाडी, वनकुसवडे ही पठारे म्हणजे जांभ्या खडकाची टोपी घातलेले बेसॉल्ट. आलटून पालटून भरपूर पाऊस आणि कडक ऊन मिळाले की खडकातली विरघळणारी द्रव्ये वाहून जातात, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात आणि त्यांचा कठीण थर बनतो. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या उघड्या माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याही या सपाटीमुळे आणि घळीतून येणाऱ्या वाऱ्यामुळे.

कासचे पठार सुमारे १,२०० मीटर उंचीवर, दहा चौरस किलोमीटरच्या आसपास. इथली माती काही ठिकाणी बोटभरच खोल. पावसाळ्यात जांभ्यावर पाणी साचते, उन्हाळ्यात तोच खडक तापून कोरडा ठणठणीत होतो. अशा जागी मोठे झाड तग धरत नाही. म्हणूनच लहान, अल्पायुषी फुलझाडांना मोकळे रान मिळते. मातीत नत्राची चणचण असल्याने काही वनस्पतींनी कीटक खाण्याचा मार्ग धरला आहे. जांभळ्या ‘सीतेच्या आसवां’च्या मुळांसारख्या तंतूंवर सूक्ष्म जीव पकडणाऱ्या पिशव्या असतात, तर दवबिंदूच्या पानांवरचे चिकट थेंब बसलेल्या किड्याला सोडत नाहीत. वायतुरा या वनस्पतीच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. ८५०हून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पतींची इथे नोंद आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांत महाराष्ट्रातली चार, आणि त्या चारांत कास आणि कोयना अभयारण्य दोन्ही आहेत.

दर्जाबरोबर गर्दी आली आणि गर्दीबरोबर मर्यादा घालण्याची पाळी. कासच्या बाबतीत एक गोष्ट सहसा निसटते. हे पठार नुसते फुलांचे नाही, ते पाणलोट आहे. इथल्या तलावाचे पाणी उताराने साताऱ्याला येते. सड्यावर बांधकाम वाढले तर फुले जातील, पण त्याआधी झरे जातील. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला, त्यामागेही हाच हिशेब होता. तो कागदावर किती आणि डोंगरावर किती उतरला, हे पाचगणीच्या उतारांवरची बांधकामे मोजल्यावर कळते.

कोयना: घळ, धरण आणि धक्के

कोयनेच्या अरुंद, लांब घळीने अभियंत्यांना मोह घातला नसता तरच नवल. थोड्या लांबीची भिंत घातली की प्रचंड साठा होतो. आणि पश्चिमेला बोगद्याने पाणी सोडले की कोकणच्या कड्याची उंची वीजनिर्मितीला फुकट मिळते. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे शिवसागर जलाशय पन्नासेक किलोमीटर पसरला आहे. साठा १०५ टीएमसी. विद्युतगृहे सह्याद्रीच्या पोटात. १९९९ आणि २०१२ मध्ये जलाशयाच्या तळाला छिद्र पाडण्याचे ‘लेक टॅपिंग’ इथे झाले. वीज तयार झाल्यावर ते पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळते. पूर्ववाहिनी नदीचे पाणी पश्चिमेला वळवणारी ही योजना कृष्णा खोऱ्याच्या पाणीवाटपात अजूनही वादाचा मुद्दा आहे.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. सहा रिश्टरहून मोठ्या त्या भूकंपात सुमारे १८० माणसे गेली. जलाशय भरल्यानंतर वाढलेल्या भूकंपांचे हे जगातले सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण मानले जाते. वेगळेपण असे की धक्के थांबले नाहीत. लहानशा टापूत, पाण्याच्या पातळीतल्या चढउताराशी नाते राखत, ते आजही होतात. त्यांचा उगम समजून घेण्यासाठी केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराडला संशोधन प्रयोगशाळा उभारली आणि गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले. बेसॉल्टची जाडी संपल्यावर खाली थेट ग्रॅनाइटचा जुना पाया लागला. भूकंप या पायातल्या भेगांत होतात. वरचा लाव्हा फक्त झाकण आहे.

जलाशयाने एक नवी दरीही तयार केली. बामणोली, तापोळा आणि पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातली गावे सह्याद्री आणि पाणी यांच्यामध्ये अडकली. वर्षानुवर्षे दवाखान्यापासून कचेरीपर्यंत सगळ्याला लाँच लागली. उठलेली गावे रायगड, ठाणे, सोलापूरकडे विखुरली आणि रिकाम्या झालेल्या जंगलावर पुढे अभयारण्य व सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला.

दरडी

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माण तालुक्याचा वर्षभराचा पाऊस एका दिवसात. त्या दिवसांत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे डोंगर खाली आले आणि अनेक माणसे दगावली. कड्यापलीकडे रायगडमधले तळीये गाव त्याच पावसात गाडले गेले.

दरडीचे यंत्र वर सांगितलेल्या थरांतच आहे. उतारावर कुजलेल्या खडकाची जाड माती, तिच्याखाली घट्ट कातळ, मध्ये झरा. वरून पाणी मुरत राहिले की माती जड होते आणि सांध्यापाशी पकड सुटते. झऱ्याच्या सोयीने वसलेल्या वाड्या नेमक्या याच सांध्यावर आहेत. ज्याने गाव वसवले, त्यानेच ते धोक्यात टाकले. रस्त्यासाठी उताराचा पाय कापणे, सपाटीकरण, निचऱ्याच्या वाटा बुजवणे यांनी धोका वाढतो. पुनर्वसनात जागा देताना लोकवस्तीचा नकाशा पाहिला जातो, तसा थरांचा आणि झऱ्यांचाही पाहिला गेला पाहिजे.

सोंड फोडण्याचे प्रयत्न

पूर्वेला पाणी नेण्याचे प्रयत्न नवे नाहीत. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या काळापासून म्हसवडजवळचा राजेवाडी, येरळेच्या खोऱ्यातले नेर आणि मायणी असे तलाव ओळखीचे झाले. पण तलाव स्थानिक पावसावरच भरतो, आणि तोच नसेल तर त्याचा माळ होतो. म्हणून पुढचा विचार पश्चिमेचे पाणी पूर्वेला नेण्याचा आला. जिहे-कठापूर योजनेचा आराखडा पाहिला की सोंडांचे महत्त्व एका नजरेत कळते. पाणी कृष्णेतून उचलायचे, वर्धनगडाच्या धारेतून बोगद्याने येरळेच्या नेर तलावात टाकायचे आणि तिथून पुढची धार ओलांडून माणमध्ये आंधळीकडे न्यायचे. निसर्गाने जिथे भिंत घातली, नेमके तिथेच बोगदे. उरमोडीचे पाणी माण-खटावला न्यायलाही असेच उचलावे लागते, आणि कराडजवळच्या टेंभूहून ते जिल्ह्याबाहेरच्या दुष्काळी पट्ट्यापर्यंत जाते. अशा पाण्याला विजेचे बिल चिकटलेले असते. ते कोण भरणार, या प्रश्नावर योजना रखडतात.

दुसरा रस्ता पडलेला पाऊस तिथेच मुरवण्याचा. कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने २०१६ च्या वॉटर कप स्पर्धेत पहिला क्रमांक मिळवला. समतल चर, बांधबंदिस्ती आणि ओढ्यांचे खोलीकरण यांनी मुरमाच्या थरात पाणी साठते, हे अशा गावांनी दाखवले. मर्यादा हीच की बेसॉल्टची साठवण तोकडी. त्यामुळे मुरवलेल्या पाण्यावर ऊस घेतला की दोन वर्षांत पुन्हा टँकर.

तालुका नव्हे, खोरे

हा सगळा भूगोल एकत्र वाचला की एक गोष्ट ठळक होते. साताऱ्याचे प्रशासन तालुक्यांनी चालते आणि निसर्ग खोऱ्यांनी. कांदाटीचे खोरे महाबळेश्वर तालुक्यात मोजले जाते, म्हणून त्याची अडचण पर्यटनाच्या आकड्यांत बुडते. पाटणच्या पश्चिमेला दरडी आणि पूर्वेला पाणीटंचाई असताना दोन्हींचा अहवाल एकाच रकान्यात जातो. जिल्ह्याच्या सरासरी पावसाने कोणालाच मदत होत नाही. पश्चिमेच्या आकड्याने पूर्वेचा दुष्काळ झाकला जातो आणि पूर्वेच्या आकड्याने पश्चिमेची अतिवृष्टी.

म्हणून पहिली सुधारणा साधी आहे: पावसाची, भूजलाची आणि दरडप्रवणतेची आकडेवारी खोरेनिहाय मांडायची. कोयना, वेण्णा, उरमोडी, कृष्णा, वसना, येरळा, माण, नीरा असे आठ-दहा हिशेब करायचे. कोणत्या सोंडेपलीकडे किती पाणी न्यायला किती वीज लागते, हे त्या हिशेबात आले की उपसा योजनांची निवड घोषणांवर होणार नाही. सड्यांवरच्या बांधकामाची परवानगी खालच्या झऱ्याच्या नोंदीशी बांधता येईल. दरडीच्या गावांची यादी थरांच्या नकाशावरून ठरेल, दुर्घटनेनंतरच्या पंचनाम्यावरून नव्हे. सह्याद्री हलवता येत नाही आणि त्याच्या सोंडाही नाहीत. आकड्यांचे रकाने मात्र बदलता येतात, आणि ते बदलायला बोगदा लागत नाही.